आरपीएमच्या काट्यावर किती विसंबावं?

सिग्नलला गाडी उभी आहे, पाय क्लचवर आहे आणि आरपीएमचा काटा नेहमीच्या जागी स्थिर राहायचं सोडून वरखाली होतो आहे. अशा वेळी मनात एकच प्रश्न येतो: बिघाड इंजिनात आहे की मीटरमध्ये? याचं उत्तर चुकलं की खिशाला चाट बसते. कधी धडधाकट मीटर बदललं जातं, तर कधी ‘मीटरच खोटं दाखवतंय’ म्हणून खऱ्या दुखण्याकडे महिनोन् महिने काणाडोळा होतो. हे उत्तर बहुतेक वेळा घरच्या घरी, फारशा साधनांवाचून मिळू शकतं. त्यासाठी टॅकोमीटरला, म्हणजे आरपीएमच्या मीटरला, आकडा कुठून मिळतो हे माहीत हवं आणि आपली गाडी ठणठणीत असताना काटा कुठे असतो, हेही.

अचूकपणा वेगळा, भरवसा वेगळा

कायम पाच मिनिटं पुढे असणारं घड्याळ अचूक नसतं, पण त्याच्यावर भरवसा ठेवता येतो. आपण मनात पाच मिनिटं वजा करतो. अधूनमधून थांबणारं घड्याळ मात्र कधी बरोबर असलं तरी उपयोगाचं नसतं. टॅकोमीटरकडे याच नजरेनं पाहावं. नेहमी शंभर आरपीएम जास्त दाखवणारा काटा चालवून घेता येतो. कधी खरं आणि कधी खोटं दाखवणारा काटा चालवून घेऊ नये.

स्पीडोमीटरसाठी संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत ३९ क्रमांकाचा नियम आहे. काट्यानं खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नाही, आणि जास्त दाखवलं तरी ते खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर एवढ्याच मर्यादेत. म्हणून बहुतेक गाड्यांचे स्पीडोमीटर थोडे पुढेच धावतात. हा नियम टॅकोमीटरबद्दल काहीच म्हणत नाही. ते किती काटेकोर असावं हे बनवणाऱ्यानं ठरवायचं आणि ते तपासून घ्यायचं आपण.

तबकडी नीट पाहा. ० ते ८००० अशा मापात छोट्या रेघा बहुधा अडीचशे किंवा पाचशेच्या अंतरावर असतात. मीटरची चूक पूर्ण मापाच्या दोन टक्के धरली, तर ती १६० आरपीएम होते. महामार्गावर तीन हजारावर गाडी चालवताना या १६० नं काही बिघडत नाही. तेवढीच चूक आयडलिंगला मात्र मोठी ठरते, कारण ८०० च्या जागी ६४० किंवा ९६० दिसेल आणि चांगलं इंजिन आजारी वाटेल. म्हणून काट्यावरून आयडलिंगचं बारीक निदान करू नये. शेजारच्या सीटवरून तिरकं पाहिलं तरी काटा रेघेच्या अलीकडे-पलीकडे दिसतो. वाचन नेहमी चालकाच्या जागेवरून, समोरून घ्यावं. डिजिटल आकडेही पन्नास-पन्नासच्या किंवा दहा-दहाच्या टप्प्यानं बदलतात. आकडा स्पष्ट दिसतो म्हणून तो तितकाच काटेकोर असतो असं नाही.

काट्याला खबर देतं कोण?

फार जुन्या गाड्यांत इंजिनापासून मीटरपर्यंत केबल येते. केबल आत एक चुंबक फिरवते, चुंबक भोवतालच्या धातूच्या वाटीला ओढतं आणि केसासारखी बारीक स्प्रिंग त्या ओढीला आवर घालते. या दोहोंच्या रस्सीखेचीतून काटा ठरतो. वर्षानुवर्षांनी चुंबक क्षीण झालं की मीटर कमी दाखवतं. केबल कोरडी पडली की काटा हिसके देतो. हिसके असतील तर आधी केबल काढून, पुसून, वंगण देऊन पाहावं.

त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांत मीटर इग्निशन कॉइलचे ठोके मोजतं. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी मिळते. म्हणजे चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोन ठोके आणि सहाच्या इंजिनात तीन. कॉइलची वायर सैल असेल, कंडेन्सर गेला असेल किंवा पॉइंट झिजले असतील, तर मीटरला ठोके कमी-जास्त मिळतात आणि काटा नाचू लागतो. अशा गाडीत काटा नाचतो आणि इंजिनही मिसिंग करतं, तेव्हा दोन्हींचं मूळ एकच असू शकतं.

डिझेलला ठिणगीच नाही. म्हणून अनेक जुन्या डिझेल गाड्यांत मीटरची वायर अल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ टर्मिनलवरून येते. तिथले ठोके अल्टरनेटरच्या फेऱ्यांप्रमाणे पडतात. १२ पोलच्या अल्टरनेटरला एका फेरीत सहा ठोके मिळतात. पुलीमुळे तो इंजिनाच्या अडीचपट फिरत असेल, तर इंजिनाच्या दर फेरीला १५ ठोके. आता अल्टरनेटर बदलताना थोडी मोठी पुली बसली आणि पट सव्वादोन झाली, तर ठोके साडेतेरा होतात आणि मीटर सरसकट दहा टक्के कमी दाखवू लागतं. बेल्ट सैल होऊन घसरला तरी आकडा खाली येतो. अल्टरनेटरचं काम झाल्यापासून आरपीएम बदलला असेल, तर इंजिनाला दोष देण्याआधी पुली आणि बेल्ट पाहून घ्या. अशा मीटरच्या मागे बहुधा जुळवणीचा स्क्रू असतो. खरा आकडा दुसऱ्या साधनानं मोजून मगच तो फिरवावा.

आजच्या गाड्यांत ही सगळी कामं क्रँकशाफ्टजवळच्या सेन्सरकडे आहेत. क्रँकबरोबर फिरणाऱ्या चक्रावर साठ दातांची जागा असते आणि त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. ही रचना फार प्रचलित आहे. उरलेले ५८ दात सेन्सरसमोरून जातात आणि गाळलेली जागा आली की फेरी कुठे सुरू झाली ते ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, कळतं. ३००० आरपीएमला सेकंदाला २९०० दात मोजले जातात. इंधन कधी सोडायचं, ठिणगी कधी द्यायची हे याच मोजणीवर ठरतं. त्यामुळे ती चुकली तर इंजिन सुरळीत चालणारच नाही. म्हणूनच नव्या गाडीत ईसीयूकडचा आरपीएम जवळजवळ नेहमी खरा असतो.

मात्र तो आकडा कॅन वायरिंगवरून (गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या तारांवरून) मीटरपर्यंत येतो आणि मीटर त्याला थोडं शांत करून दाखवतं. काटा सतत थरथरू नये, मालकाला उगाच चिंता वाटू नये, म्हणून अनेक कंपन्या आयडलिंगच्या आसपासचे बारीक चढउतार मुद्दाम दाबतात. त्यामुळे काटा स्थिर असला तरी इंजिन किंचित अडखळत असू शकतं. स्टिअरिंगवर किंवा सीटमध्ये थरथर जाणवत असेल, तर स्थिर काट्यावर विसंबून गप्प बसू नका.

तीन सिलिंडर आणि बाहेरून बसवलेलं मीटर

बाहेरून बसवलेलं मीटर चुकीचा आकडा दाखवतं, ही अडचण आपल्याकडे बरीच येते. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० चं ७९६ सीसी इंजिन तीन सिलिंडरचं होतं. आजही टियागो, क्विड, २०२४ ची नवी स्विफ्ट अशा कितीतरी गाड्यांत तीन सिलिंडरची पेट्रोल इंजिनं आहेत. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच जोडमीटरवर मात्र ४, ६ आणि ८ सिलिंडरचेच पर्याय असतात.

तीन सिलिंडरला दर फेरीला दीड ठोका मिळतो. मीटर ‘४’ वर ठेवलं तर ते दर फेरीला दोन ठोक्यांची अपेक्षा ठेवतं आणि खऱ्याच्या पाऊणपट दाखवतं. इंजिन ३००० वर असताना काटा २२५० वर दिसतो. हे धोक्याचं आहे, कारण काटा ४५०० वर असताना इंजिन ६००० ला पोचलेलं असतं. ‘३’ चा पर्याय नसेल, तर ‘६’ वर ठेवून दिसेल त्याची दुप्पट करावी. गणित तंतोतंत जुळतं.

हा हिशेब एकाच कॉइलच्या, डिस्ट्रिब्युटर असलेल्या गाडीचा. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल, तर एका कॉइलला दोन फेऱ्यांत एकच ठोका मिळतो आणि मीटर ‘१’ सिलिंडरवर ठेवावं लागतं. दोन सिलिंडरना मिळून एक कॉइल असेल, तर ती दर फेरीला ठोका देते. तिथे ‘२’ चा पर्याय लागतो. बसवणाऱ्याला ‘वायर कुठून घेतली?’ एवढं विचारलं तरी मीटरचा आकडा जुळतो की नाही, हे ओळखता येतं. नव्या गाडीत शक्यतो वायर कापूच नये; ओबीडी पोर्टवरून (गाडीच्या निदानाच्या जोडणीवरून) चालणारं मीटर घ्यावं.

घरी तपासण्याच्या रीती

ओबीडी अडॅप्टर. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत आणि त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा पोर्ट असतो. ब्लूटूथ अडॅप्टर लावून मोबाइलवर आरपीएम पाहता येतो. या पद्धतीत आकडा पाव आरपीएमपर्यंत बारीक येऊ शकतो. इंजिन पूर्ण तापवा, एसी बंद ठेवा, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असू द्या. मग आयडलिंग, १५००, २५०० आणि ३५०० अशा चार ठिकाणी रेस स्थिर धरून काटा आणि मोबाइल यांचे आकडे लिहा. अॅपवर त्या वेळी आरपीएम एवढीच गोष्ट दिसू द्या. दहा गोष्टी एकदम मागवल्या की स्वस्त अडॅप्टर मागे पडतो आणि नसलेला फरक दिसतो. काम झालं की अडॅप्टर काढून ठेवा. तो लावून ठेवला तर उभ्या गाडीतही बॅटरीचा करंट थोडा थोडा खात राहतो.

या चाचणीतून मीटर आणि ईसीयू यांच्यातला फरक कळतो. ईसीयूचीही पडताळणी हवी असेल, तर पुढची रीत वापरा.

खडू, टेप आणि जीपीएस. ही रीत फक्त मॅन्युअल गिअरच्या गाडीसाठी. आधी टायरमधली हवा बरोबर करा. पुढच्या टायरवर आणि त्याच्या खाली जमिनीवर खडूनं खूण करा. कोणीतरी गाडीत बसलेलं असताना गाडी हळू सरळ ढकला. टायरवरची खूण पुन्हा जमिनीला टेकली की तिथे दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे चाकाची एक फेरी. १८५/६५ आर १५ या टायरचा घेर कागदावर सुमारे १.९५ मीटर येतो, पण वजनाखाली टायर दबत असल्यानं टेप थोडं कमीच दाखवते. समजा १.९० मीटर आलं.

आता मॅन्युअलमधून पाचव्या गिअरचं आणि फायनल ड्राइव्हचं प्रमाण घ्या. समजा ती ०.८ आणि ४.० आहेत, म्हणजे गुणाकार ३.२. मोकळ्या, सपाट रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये जीपीएसचा वेग ताशी ८० वर थोडा वेळ स्थिर धरा आणि शेजारच्याला आरपीएम लिहायला सांगा. चालवणाऱ्यानं मोबाइलकडे पाहायचं नाही. ताशी ८० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १३३३ मीटर. १.९० नं भागलं की चाकाच्या सुमारे ७०२ फेऱ्या, आणि ३.२ नं गुणलं की २२४५ आरपीएम. काटा साडेबावीसशेच्या आसपास असेल तर मीटर बरोबर आहे. गाडीचा स्पीडोमीटर इथे वापरू नका, कारण तो स्वतःच पुढे धावतो. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिक गाड्यांत हे गणित लागू पडत नाही.

आवाज. ओबीडी नसलेल्या जुन्या गाडीसाठी मोबाइलवरचं आवाजाची वारंवारिता दाखवणारं अॅप घ्या. चार सिलिंडरच्या इंजिनात स्फोटांच्या हर्ट्झला ३० नं गुणलं की आरपीएम मिळतो. तीन सिलिंडरला ४० नं. २४०० आरपीएमला चार सिलिंडरचा मुख्य सूर ८० हर्ट्झला आणि तीनचा ६० हर्ट्झला येतो. आयडलिंगचा सूर मोबाइलच्या माइकला फार खोल जातो, म्हणून चाचणी दोन ते तीन हजारांच्या दरम्यान करा. उत्तर नेमकं दुप्पट आलं, तर अॅपनं वरचा सूर पकडला आहे असं समजा.

प्रकाशाचं टॅकोमीटर. क्रँकच्या पुलीवर चमकती पट्टी चिकटवून हे साधन दुरून रोखायचं. अचूकतेत याला तोड नाही, पण ट्यूबलाइटखाली सांभाळा. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, आणि साधन त्याचेच ठोके मोजून इंजिन कितीही फिरत असलं तरी ६००० दाखवू शकतं. ही चाचणी दिवसा उघड्यावर करा. पट्टी इंजिन बंद असतानाच चिकटवा. ओढणी, मफलर, सैल बाही बेल्टपासून दूर ठेवा. रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो, हे विसरू नका.

काटा काय सांगतो आहे?

सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर काटा बाराशेच्या वर जाऊन हळूहळू खाली येतो. एसी लावला की थोडा वर सरकतो. स्टार्ट-स्टॉपच्या गाडीत सिग्नलला शून्यावर जातो. यातलं काहीही बिघाड नाही.

तापलेल्या इंजिनात काटा सारखा वरखाली होतो आणि आवाजही त्याच तालात बदलतो, तेव्हा काटा खरं बोलतो आहे. थ्रॉटल बॉडीत साचलेला कार्बन किंवा कुठून तरी आत शिरणारी हवा ही नेहमीची कारणं. काटा उडतो पण आवाज एकसारखा आहे, तर दोष मीटर, वायर किंवा जोडणीत. आधी कान लावा, मग डोळ्यांवर विश्वास ठेवा.

स्पीड, इंधन, तापमान असे सगळेच काटे एकत्र उडत असतील, तर मीटरचा फ्यूज, अर्थ आणि मागचा कपलर पाहावा. फक्त टॅकोचा काटा अडकला असेल किंवा चावी काढल्यावरही शून्यावर येत नसेल, तर त्याला फिरवणारी छोटी मोटर संशयास्पद आहे. अशा वेळी बहुधा तेवढीच मोटर दुरुस्त होते, अख्खं मीटर बदलावं लागत नाही.

धावत्या गाडीत काटा क्षणभर शून्यावर पडतो आणि इंजिनाला त्याच क्षणी झटका बसतो, हे लक्षण अजिबात सोडू नका. त्यात गाडी तापल्यावर बंद पडून गार झाल्यावर सुरू होत असेल, तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर तपासायलाच हवी. घाटात वळणावर इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला मिळणारी मदतही थोड्या वेळात संपते. स्टार्टर फिरत असताना काटा किंचित उचलला जातो का, तेही पाहा. एरवी उचलला जाणारा काटा आज ढिम्म असेल आणि इंजिन पेटत नसेल, तर संशय पुन्हा याच सेन्सरवर जातो. क्लचच्या कामानंतर ही तक्रार सुरू झाली असेल, तर त्या सेन्सरचा कपलर नीट बसला आहे का, ते आधी पाहायला सांगा.

चढावर जोर देताना आरपीएम वाढतो पण गाडी वेग घेत नाही, हे मीटरचं नव्हे, क्लचचं लक्षण. खडूच्या गणितानं ते पक्कं करता येतं. हिशेबानं २२४५ हवेत, काटा २६०० दाखवतो आणि ओबीडीही २६०० च सांगतं, तर क्लच प्लेट घसरते आहे. ओबीडी २२५० सांगत असेल आणि फक्त काटा २६०० वर असेल, तर दोष मीटरचा.

लाल पट्ट्याबद्दल

लाल पट्टा पेट्रोल गाड्यांत साधारण सहा हजारांच्या पुढे आणि डिझेलमध्ये त्याच्या बऱ्याच आधी सुरू होतो. काटा इंजिनाच्या किंचित मागे असतो. खालच्या गिअरमध्ये आरपीएम सेकंदाला दोन हजारांनी चढत असेल आणि काटा पाव सेकंद मागे असेल, तर तो ५०० नं कमी दाखवतो. म्हणून जोरात रेस देताना गिअर पट्ट्याच्या बऱ्याच आधी बदलावा. मर्यादा ओलांडली की ईसीयू इंधन तोडतं आणि त्यासाठी ते काट्याचा नव्हे, सेन्सरचा आकडा पाहतं. पण वेगात असताना चुकून पाचव्यावरून दुसरा गिअर पडला, तर इंजिनाला चाकं फिरवतात. तिथे इंधन तोडून काहीच वाचत नाही. घाट उतरताना गिअर आधी, कमी वेगात उतरवावा आणि काटा मधल्या पट्टीत ठेवावा.

पीयूसी केंद्रावरही आरपीएमला महत्त्व आहे. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांची एक चाचणी २५०० आरपीएमला, २०० इकडेतिकडे धरून, करायची असते. आपल्या मीटरची चूक ठाऊक असेल, तर तिथे रेस योग्य ठिकाणी धरली जाते.

दुरुस्तीआधी

तपासाचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा: बॅटरी आणि अर्थ, फ्यूज, कपलर, वायर, सेन्सर आणि सगळ्यात शेवटी मीटर. चेक इंजिनचा दिवा पेटला असेल, तर स्कॅनरवरचा कोड लिहून घ्या. पी०३३५ आला तर तो क्रँक सेन्सरच्या सर्किटचा आहे. त्यात वायरही येते, म्हणून थेट सेन्सर बदलू देऊ नका. मीटर बदलायची वेळ आलीच, तर जुन्या मीटरवरचे किलोमीटर बिलावर लिहून घ्या आणि ते बिल आरसीबरोबर जपा. नाहीतर गाडी विकताना किलोमीटर मागे फिरवल्याचा आळ येतो.

या सगळ्याआधी एक काम या रविवारीच करा. गाडी ठणठणीत असतानाचे आकडे लिहून ठेवा: गार सुरू केल्यावरचा आरपीएम, तापल्यावरचं आयडलिंग, एसी लावल्यावरचं आयडलिंग, शेवटच्या गिअरमध्ये ताशी ८० ला काटा कुठे असतो, आणि स्टार्टर फिरताना तो उचलला जातो की नाही. शेजारी ओबीडीचे आकडे लिहा आणि कागद सर्व्हिस बुकात ठेवा. पुढे कधी काटा वेगळं वागला, तर तुमच्या हातात तुमच्याच गाडीचं माप असेल, आणि मेकॅनिकशी बोलताना ‘काहीतरी वेगळं वाटतंय’ एवढ्यावर थांबावं लागणार नाही.